बर्फावरची हॉकी आणि पंधरा मिनिटांचा ब्लॉक

(डेहराडून येथे २०२५ च्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कोणी नाट्यसंगीतावर बोलतं, कोणी मधुमेहावर. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या देखभालीतला माणूस. विषय 'आइस हॉकी' सांगितला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, नक्की ना?" नक्की. कारण या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्याच गावात होऊन गेली आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

मार्च २०१२ ची गोष्ट. 'चॅलेंज कप ऑफ एशिया' ही आशियातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या रिंकमध्ये भरली होती. विजेतेपद संयुक्त अरब अमिरातीने नेलं. वाळवंटातला देश आणि बर्फावरचा चषक! एक सहकारी मला ओढून घेऊन गेला. बाहेर घाम येत होता आणि आत स्वेटर नाही म्हणून मी कुडकुडत होतो.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मला चेंडूच दिसला नाही. चेंडू नसतोच, कडक रबराची चकती असते, पक म्हणतात तिला. एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. ती उसळू नये म्हणून खेळापूर्वी गोठवून ठेवतात. एका बाजूला गोलरक्षकासह सहाजण. मिनिटभर जीव तोडून पळायचं की दुसरी तुकडी आत, तीही खेळ चालू असतानाच.

पण माझं लक्ष मध्यंतरात गेलं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात आणि मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती. तेवढ्यात एक मशीन येतं, ओरखडलेला बर्फ खरवडतं आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जातं. तेही गरम पाणी! गरम अशासाठी, की ते वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि मग गोठतं. मी सहकाऱ्याला म्हणालो, "अरे, हा तर आपला ट्रॅफिक ब्लॉक!" पंधरा मिनिटांत काम उरकून लाइन क्लिअर द्यायची. खाली काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं, त्यातून थंडगार द्रव सतत फिरवायचा. वर बर्फ तीन-चार सेंटिमीटरच. पंप थांबला की मैदानाचं तळं.

ही रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधली होती. २०१२ नंतर ती बंद पडली, आणि बरीच वर्षं बंदच राहिली. वीज आणि देखभाल, दोन्ही महाग. बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. गँगमनपासून आम्हा सगळ्यांनाच हे पाठ आहे.

आता त्या काळात आपल्या मुली कुठे खेळत होत्या ते ऐका. राष्ट्रीय संघातले बहुतेक खेळाडू लडाखचे. तिथे रात्री पाणी ओतायचं आणि निसर्गाने गोठवायचं. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. ऊन वाढलं की संपला सराव. अशा तयारीवर महिला संघ २०१६ मध्ये लोकवर्गणीचा आधार घेऊन तैपेईला पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेला. सिंगापूरने ८-१ ने हरवलं. स्पर्धेत एकही सामना हाती लागला नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च २०१७, बँकॉक. फिलिपिन्सविरुद्ध ४-३. भारतीय महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय! पाठोपाठ मलेशियावर ५-४. दोन्ही सामन्यांत फरक एकाच गोलाचा. मी स्वतः ते सामने पाहिलेले नाहीत, पण ती बातमी वाचून त्या दिवशी पेट्रोलिंगच्या पोरांना चहा पाजला होता, एवढं आठवतं. आणि यंदा, २०२५ मध्ये, अल ऐन इथल्या महिला आशिया चषकात या संघाने ब्राँझपदक आणलं. कर्णधार त्सेवांग चुस्कित, लडाखचीच. आपल्याकडे पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या गावची ती रिंकही यंदा पुन्हा सुरू झाली. ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची स्पर्धा झाली. मी धाकटीला घेऊन गेलो. ती स्केटर पाहत होती, मी यंत्रांचा आवाज ऐकत होतो. घरी येताना तिने विचारलं, "बाबा, लडाखच्या ताया आता बारा महिने इथे खेळू शकतील?" मी म्हटलं, "कॉम्प्रेसर चालू ठेवला तर." पुढच्या हिवाळ्यानंतर, मार्चच्या उन्हात, मी पुन्हा जाऊन बघणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्या, माझ्या गाडीत चौघांना जागा आहे.

आरतीचं ताट तयार दिसतंय. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!