पट्टी कुणाच्या नावावर?

(नाशिक जिल्ह्यातील महिला शेतकऱ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे काहीजणी यंदा पहिल्यांदाच विक्रीसाठी भाजीपाला लावणाऱ्या आहेत, तर काहीजणींची त्यात दहा-पंधरा वर्षे गेली आहेत. दोघींना मी एकच प्रश्न विचारते. माल आपण पिकवतो, पण बाजार समितीतली हिशेबपट्टी कुणाच्या नावावर होते?

भाजीपाला हे बायांच्या हातांवर उभे असलेले पीक आहे. लागवड, खुरपणी, टोमॅटोची बांधणी, तोडणी, निवडानिवड हे सगळे आपणच करतो. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, हातांना खाज सुटते, तरी थांबता येत नाही. गाडी भरली की मात्र पुरुष बाजारात जातो. पैसा जिथे हातात पडतो, नेमकी तिथेच बाई नसते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी दहा गुंठ्यांत हात बसवावा. मेथी-कोथिंबीर एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने वाफे पेरावेत, म्हणजे सगळा माल एकाच दिवशी पडत नाही. आणि भाव चढला म्हणून धावू नका. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. सगळीकडून माल आला आणि सप्टेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात तो रस्त्यावर ओतायची वेळ आली.

जुन्या जाणत्यांनी वही घालावी. समजा, २० क्रेट गेले, क्रेटला २०० रुपये मिळाले. झाले ४००० रुपये. गाडीभाडे, हमाली, तोलाई जाऊन ३००० उरले. तोडणीला चार बाया होत्या. प्रत्येकीची मजुरी ३०० धरली तर १२०० होतात. बाया घरच्या असल्या की हा आकडा कुणी लिहीतच नाही! म्हणून घरात ३००० ‘सुटले’ असे म्हणतात. खरे उरतात १८००, आणि त्यातून रोपे, खत, औषध, तार-बांबू अजून वजा व्हायचे असतात. आपली मजुरी लिहिली नाही, तर भाव परवडला की नाही हेच कळणार नाही.

पट्टी वाचायला शिका. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल महाराष्ट्रात २०१६ साली झाला. तरीही पट्टीत अडत कापलेली दिसली, तर जाब विचारा. एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा.

आता जमिनीचे. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर पीककर्ज आणि ठिबकचे अनुदान मिळवताना बाई अडते. १९९२ च्या ‘लक्ष्मी मुक्ती’च्या शासननिर्णयाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट काढली, पण त्याला नवऱ्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे हक्क पुन्हा त्याच्या मर्जीवर! नवरा वारल्यावर मात्र कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. दिराने ‘सही करून टाक’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे केले, तर आधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

टाकलेल्या बाईची गत सर्वांत कठीण. ती माहेरी भावाच्या रानात राबते, आणि तिची मजुरीही कुठे लिहिली जात नाही. तिच्यासाठी गटाने मिळून खंडाने जमीन घ्यावी, करार लेखी करावा आणि माल गटाच्या नावाने पाठवावा. पट्टी गटाच्या नावाची आणि पैसे गटाच्या बँक खात्यात, हा नियम पहिल्या तोडणीपासूनच पाळा.

घरात यावरून कुरबुर होईल. “बाजारात बाईचे काय काम?” असे विचारतील. पहाटेच्या अंधारात रानात तोडणीला जाताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, एवढेच त्यांना सांगा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन कागद आणावेत: घरचा सातबारा, शेवटची पट्टी आणि आपल्या मजुरीचा हिशेब. त्यावर कुणाकुणाचे नाव आहे, ते आपण एकत्र बसून वाचू. कामाची सुरुवात तिथूनच करायची आहे.