मोडलं तर जमलं
(पारशिवनी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाखरांच्या दवाखान्यात खेळणी कशाला, असं तुम्हाला वाटत असणारच. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. संक्रांतीच्या सुमाराला मांज्याने चिरलेली पाखरं तिथे येतात. टाके पडतात, जखम भरते. पण पाखरू बरं होणं निराळं आणि रानात जगण्याजोगं होणं निराळं.

रानातल्या पोपटाचा दिवस बघा. दाणा हुडकायचा, शेंग सोलायची, साल कुरतडायची, शिकऱ्यावर डोळा ठेवायचा. पिंजऱ्यात वाटीतले दाणे टिपले की थोड्याच वेळात पोट भरतं. उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? मग तो स्वतःचीच पिसं उपटत बसतो. त्याचा हा बुडालेला रोजगार परत द्यायचा, एवढंच खेळण्याचं काम.

तिथल्या पाखरांसाठी मी केलेलं पहिलं खेळणं म्हणजे लाल-पिवळ्या मण्यांचा, सुतळीच्या गोंड्यांचा झुला. सगळ्यांनी वाखाणला. पोपट मात्र दोन दिवस कोपऱ्यात अंग चोरून बसला. तिसऱ्या दिवशी जवळ आला आणि सुतळीचा सुटा धागा त्याच्या नखात गुंतला. दोरातून सुटलेल्या पाखराला मी पुन्हा दोरातच अडकवलं होतं!

तेव्हापासून बाजार सोडला. पळसाला पानं तीनच. आपल्याला एक पुरे. त्यात ज्वारीचे दाणे आणि शेंगदाणे घालायचे, विड्यासारखी घडी घालायची आणि केळीच्या सोपटाची आखूड पट्टी बांधायची. पोपटाला बाभळीची शेंग, मक्याचं कणीस सोलपटासकट द्या. पऱ्हाटी मात्र नको. तिच्यावर किती फवारे बसलेत ते शेतकऱ्याला विचारा. तार, खिळा, रंग, नायलॉन तर नकोच नको.

जात बदलली की खेळणंही बदलतं. मैनेला पालापाचोळ्यात किडे सोडून द्यावेत, ती उकरत बसते. घारीला जाड, बारीक, खडबडीत फांद्या हव्यात. एकाच गुळगुळीत दांडीवर बसून तळपायाला फोड येतात. घुबडाला दडायला आडोसा मिळाला की त्याचं निम्मं दुखणं हलकं होतं. गिधाडाला कातडं ओढून फाडण्याइतकी मोठी करमणूक दुसरी नाही. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची 10 गिधाडं आणली, ती ऑगस्टमध्ये मोकळी सोडली. मधले महिने ती मोठ्या पिंजऱ्यात इथलं ऊनवारं ओळखीचं करून घेत होती. पिंजऱ्यात जन्मलेल्यालाही रान शिकावं लागतं.

एक पथ्य कडक आहे. खेळणं ठेवा आणि निघून या. लाडाने बोलायचं नाही, हातावर घ्यायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. माणसाला न भिणारं पाखरू सुटल्यावर पहिल्याच अंगणात उतरतं आणि तिथेच फसतं. घराजवळ पाखरू पडलेलं दिसलं तर खोक्यात अंधारात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका, वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. पाळायचं म्हणाल, तर 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

राहिली शाबासकी. ती मिळते दुसऱ्या दिवशी सकाळी, पिंजरा झाडताना. काल मन लावून घडी घातलेल्या पानाच्या चिंध्या तळाशी पडलेल्या असतात, दाणा एकही उरलेला नसतो आणि पोपट वरच्या फांदीवरून तुमच्यावर ओरडत असतो.

ते ओरडणं ऐकलं की मी नवं पान घ्यायला बसतो.