कानाने वाचलेली रहस्यकथा
(वार्षिक समारंभातील भाषण)



अशा समारंभात वक्त्याने अभ्यासावर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज आगगाडीत झालेल्या एका खुनाच्या गोष्टीवर बोलणार आहे. पालकांनी दचकू नये. बोलता बोलता आपण अभ्यासापाशीच येऊन पोहोचू.

ॲगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ही कादंबरी 1934 साली प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात सीरियातील हलब, म्हणजे अलेप्पो शहराच्या फलाटावर होते. पुढे इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते आणि सकाळी एका डब्यात एक प्रवासी मृत आढळतो. अंगावर बारा घाव. काही खोल, काही अगदी वरवरचे. खुनी गाडीतच आहे. योगायोगाने पॉयरो नावाचा गुप्तहेरही त्याच डब्यात आहे. पुढचे मी सांगणार नाही, ते आपणच ऐकावे.

'ऐकावे' हा शब्द मी जाणून वापरला. हे पुस्तक आता ध्वनिमुद्रित रूपात मिळते. 1989 ते 2013 या काळात ब्रिटिश टेलिव्हिजनवर पॉयरोची भूमिका करणारे डेव्हिड सुशे यांनीही ते वाचले आहे. आपल्या शहरातून मुंबईला गाडीने जायला जेवढे तास लागतात, साधारण तेवढ्यात ते ऐकून होते. मराठीतही 2017 पासून स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे पुष्कळ पुस्तके कानाने वाचता येऊ लागली आहेत.

ही काही शौकीन लोकांची चैन नव्हे. इंग्लंडमध्ये 1935 साली 'बोलती पुस्तके' सुरू झाली, ती अंधांसाठी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज त्यामागे होती. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या असत, आणि एका पुस्तकाला अशा कितीतरी तबकड्या लागत. त्या पहिल्या पुस्तकांतही ॲगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. ज्यांच्यापुढे अंधार होता, त्यांना 'पुढे काय झाले?' या एका प्रश्नाने किती सोबत केली असेल, याचा विचार करा.

आपल्याला तर ऐकण्याचा वारसाच आहे. अमीर हम्जाची दास्तान रात्र रात्र ऐकवणारे दास्तानगो होते. दिल्लीचे मीर बाकर अली 1928 साली वारले आणि ती कला थांबल्यासारखी झाली. 2005 साली तिला पुन्हा उजाळा मिळाला. उर्दूत इब्ने सफी यांनी 1952 पासून 'जासूसी दुनिया' लिहिली, मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. भाड्याने आणलेले पुस्तक एकाने मोठ्याने वाचायचे आणि घरादाराने ऐकायचे, हे ज्येष्ठांना आठवत असेल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्या मैफिलीत मानाची जागा असे.

आता कोणी विचारील, खुनाच्या गोष्टीतून मुलांनी काय शिकायचे? मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट लक्षाची. गाडी बर्फात अडकली आहे, पोलीस नाहीत, प्रयोगशाळा नाही, कोणाविषयी बाहेर चौकशी करण्याची सोय नाही. पॉयरोजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे कान. कादंबरीचा मधला भाग म्हणजे एकामागून एक प्रवाशांच्या जबान्या आहेत. ऐकणाऱ्याचे ध्यान क्षणभर सुटले, तर धागा हातातून गेला. वर्गात चाळीस मिनिटे गुरुजींचे ऐकण्याची जी शिस्त लागते, ती इथे आनंदाने अंगी बाणते.

दुसरी गोष्ट भाषेची. उर्दू माध्यमातल्या आपल्या मुलांना मराठीचे व्याकरण येते, पण बोलताना जीभ अडखळते, कारण चांगली मराठी कानावर फारशी पडत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांची उर्दूबाबत तीच अडचण आहे. नोकरीच्या मुलाखतीत ही उणीव महागात पडते. शब्दाचा उच्चार, वाक्याचा चढउतार, कुठे थांबायचे, हे पुस्तकाच्या पानावरून कळत नाही, कानाने कळते. आणि कथा रंगतदार असेल, तर मूल ऐकायचा कंटाळा करीत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. त्या डब्यात नाना देशांचे लोक आहेत. रेल्वे कंपनीचा एक अधिकारी ठामपणे म्हणतो की, खुनी तो इटालियनच असणार, कारण चाकू चालवणे हा त्याच लोकांचा स्वभाव. पॉयरो मान डोलावून मोकळा होत नाही. तो प्रत्येकाला बोलावतो, ऐकतो, एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहतो. नाव, देश, पेहराव पाहून गुन्हेगार ठरवणे किती सोपे आणि किती घातक असते, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. पण संशयाची ही सवय दुसऱ्यांनाच असते, असे मात्र समजू नका. फोनवर आलेली बातमी कोणी पाठवली, कुठून आली, हे न पाहता आपणही ती पुढे ढकलतोच ना? कुरआन शरीफात सूरह हुजुरातने आपल्याला बातमीची खातरजमा करायला आणि अवाजवी संशयापासून दूर राहायला बजावले आहे. हीच शिकवण मुलांच्या हाडीमांसी रुजवायची, तर खोटे कसे ओळखावे याचा सराव त्यांना घरातच द्यावा लागेल.

म्हणून माझी एक सूचना आहे. सुटीच्या दिवशी एक तास काढा. मुलांच्या वयाला शोभेल अशी गोष्ट पालकांनी आधी निवडावी. कानात नळ्या न घालता ती सर्वांना ऐकू येईल अशी लावावी. मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत: काय ऐकले, कोणी सांगितले, पडताळा कशाने पटला. प्रकरण संपले की गोष्ट थांबवा आणि विचारा, 'कोण खोटे बोलतो आहे, आणि तुला ते कशावरून वाटते?' उत्तर चुकले तरी रागावू नका. कारण मात्र मागितल्याशिवाय सोडू नका. त्या तासात आईने स्वयंपाकघरात एकटे राहू नये. तिचा अंदाज बहुधा सर्वांच्या आधी बरोबर ठरेल!

विद्यार्थी मित्रांनो, रस्ता ओलांडताना आणि वाहन चालवताना मात्र कान मोकळे ठेवा. ऐकणे म्हणजे वाचनाला सुट्टी, असेही समजू नका. गोष्ट आवडली, तर ते पुस्तक ग्रंथालयातून आणून पानापानाने वाचा.

आपल्या शहरात 1900 साली निजामाच्या काळात मीटरगेजची गाडी आली. कितीतरी वर्षे मुंबईला जायचे, तर मनमाडला उतरून मोठी गाडी धरावी लागे. कानाने ऐकलेली गोष्ट हे असेच एक मनमाड आहे. तिथे घोटाळत बसू नका. तिथून पुस्तकाची मोठी गाडी धरा. परवरदिगार आपल्या मुलांना ऐकण्याचा सब्र आणि पारखण्याची अक्कल देवो, हीच दुआ.

खुदा हाफिज. जयहिंद.