बडोद्याची चित्रे आणि आपले शब्द



वाङ्मयाच्या व्यासपीठावर चित्रांचा विषय कशाला, असे दोघा-तिघांनी मला विचारले. चित्र पाहणारा माणूस मनातल्या मनात बोलत असतो, आणि तो कोणत्या भाषेत बोलतो याला महत्त्व आहे, एवढेच माझे उत्तर. बडोद्याच्या संग्रहालयांत जे मांडले आहे त्याच्याविषयी बोलण्याजोगे पुष्कळ शब्द आपल्या घरांत आहेत. ते तिथवर पोहोचत नाहीत, ही माझी काळजी आहे.

आपली रीत आपल्याला ठाऊकच आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवायचा, कमाटीबागेत न्यायचे, म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आणि ममी दाखवायची, परतताना लीलो चिवडो बांधून घ्यायचा. चित्रशाळेपर्यंत जाईतो मुले कंटाळलेली असतात. पाहुणे गेले की पुढचे पाहुणे येईपर्यंत आपण तिकडे फिरकत नाही.

हे संग्रहालय १८९४ साली लोकांसाठी खुले झाले. शेजारच्या चित्रशाळेचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९१४ मध्ये संपले. पण महायुद्ध पेटले, युरोपात घेतलेली चित्रे तिकडेच अडकली आणि दालने उघडायला १९२१ साल उजाडले. महाराज सयाजीरावांना ही चित्रे राजवाड्यात ठेवता आली असती. त्यांनी ती बागेत, जिथे कोणीही पायी चालत येऊ शकतो अशा जागी ठेवली. ग्रंथालयांच्या बाबतीत त्यांनी जे केले, तेच इथे केले.

राजा रविवर्मा यांची गोष्टही याच विचाराशी जोडलेली आहे. १८८८ साली महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. दोन वर्षांत ती तयार झाली. दरबार हॉलमध्ये लावण्याआधी ती सर्वांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि लोकांची रीघ लागली. देव आणि पुराणपुरुष आपल्यासारखे हाडामांसाचे, खऱ्याखुऱ्या वस्त्रांत आणि उजेडात उभे आहेत, हे त्या लोकांनी प्रथमच पाहिले असेल. पुढे १८९४ मध्ये रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरच्या भिंतींवर आणि देवघरांत पोहोचल्या. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी त्या होत्या.

मूळ तैलचित्रे मात्र आपल्या गावात आहेत. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात, राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत, १९६१ पासून महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. ‘नल-दमयंती’, ‘शंतनू-मत्स्यगंधा’, ‘अर्जुन-सुभद्रा’, ‘विश्वामित्र-मेनका’ तिथे पाहता येतात. छापील प्रतीत न दिसणारे बरेच काही मूळ चित्रात दिसते: रेशमावरची चकाकी, जरीचा जडपणा, सावलीत गेलेला चेहरा.

आता शब्दांकडे येतो. चित्राखालच्या पट्टीवर नाव, चित्रकार आणि साल, एवढेच मावते. रविवर्मा यांच्या अनेक नायिकांनी आणि त्यांनी रंगवलेल्या राजस्त्रियांनी नऊवारी नेसलेली आहे. तिचा काष्टा कसा घालतात, ओचा कुठे खोचतात, पदर कोणत्या खांद्यावर येतो, ठुशी आणि तन्मणी यांत फरक काय, हे पट्टी सांगणार नाही. कलेच्या इतिहासाचा अभ्यासकही कदाचित सांगणार नाही. आपल्याकडच्या ऐंशी वर्षांच्या आजी मात्र उभ्या उभ्या सांगतील. पण त्यांना तिथे कोणी नेत नाही. त्यांच्या नाती गुजराती आणि इंग्रजी उत्तम बोलतात, याचा आनंदच आहे. पण ‘ओचा’ म्हटल्यावर त्या गप्प होतात. हा शब्द शिकवायला त्या चित्रासमोरची जागा सर्वांत चांगली.

याचा अर्थ आपण फक्त ‘आपले’ तेवढेच पाहावे, असा नाही. विश्वामित्रीपलीकडच्या अकोट्याला १९५१ च्या सुमारास अडुसष्ट जैन कांस्यमूर्ती सापडल्या. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतली चामरधारिणी पाहावी. एवढ्याशा धातूत देहाचा डौल कसा उतरवला आहे! ती मूर्ती आपल्या जैन शेजाऱ्यांबरोबर पाहावी. त्यांच्या तोंडून तिची भाषा ऐकावी, आणि नऊवारीच्या चित्रांपुढे त्यांना आपली ऐकवावी. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याचा हाच तर फायदा.

इंदूरचे श्रोते इथे असतील तर त्यांना आठवण करून देतो, नारायण श्रीधर बेंद्रे हे मूळचे त्यांचेच. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ते तिथे शिकले आणि १९५० मध्ये इथल्या विद्यापीठाच्या नव्या कलाशाखेत चित्रकला शिकवू लागले. त्यांच्या वर्गांत देशभरातून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले होती. बडोद्याच्या कलेचे नाव पुढे देशात झाले, त्यात त्या वर्गांचा वाटा मोठा आहे. त्या शाखेतील विद्यार्थ्यांची प्रदर्शनेही पाहायला आपण जायला हवे. समजले नाही तर विचारावे, मुले हौसेने सांगतात.

संस्थेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. महिन्यातून एकदा, एका वेळी एकच दालन पाहायला जावे. बरोबर एक ज्येष्ठ आणि एक शाळकरी मूल असावे. ज्येष्ठांनी जे सांगितले ते मुलाने वहीत उतरवून घ्यावे: दागिन्यांची, वस्त्रांची, भांड्यांची, वाद्यांची नावे. वर्षाअखेरीस ती वही संस्थेने छापावी. खर्च फार नाही. वेळ मात्र थोडा आहे, कारण हे शब्द ज्यांच्याजवळ आहेत त्यांची संख्या दरवर्षी कमी होते आहे. चित्रांची निगा राखायला संग्रहालयाचे कर्मचारी आहेत. शब्दांची निगा राखायला आपल्याशिवाय कोणी नाही.