परतीच्या भाड्याची नळी

हातातलं काम चालू ठेवा, मासळी निवडत असाल तर निवडा, पण दहा मिनिटं कान इकडे द्या. आज मी बचतीबद्दल किंवा बँकेच्या कागदांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे एका नळीबद्दल. स्नॉर्कल म्हणतात ती. समुद्रात पोहताना पर्यटक तोंडात धरतात ती वाकडी नळी.

विषय निघाला आमच्या एका गटाच्या बैठकीत. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, आणि एका सदस्य ताईंच्या मुलीने कर्जाची मागणी केली. मागणी अगदी लहान. ही मुलगी मालवणात स्कूबाचं शिक्षण घेऊन आता पर्यटकांबरोबर पाण्याखाली उतरते. तिला स्वतःच्या मालकीची स्नॉर्कल घ्यायची होती. आमच्या गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकींनी लगेच विचारलं, "पाठीर एवढी मोठी टाकी आसा, मगे ही नळी कित्याक?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न चुकीचा नव्हता. होडीवरची मुलंसुद्धा हेच म्हणतात. ज्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर आहे, त्याला नळी कशाला?

तेव्हा त्या मुलीने सांगितलं ते ऐका. मागच्या हंगामात ती दोन पाहुण्यांना घेऊन उतरली होती. दोघेही शिकलेले, नवखे नव्हेत. पाण्याखाली ओढ होती. वर आले तेव्हा होडी चांगली दीडशे-दोनशे हात लांब. दुपारचा वारा सुटलेला, लाटा उठलेल्या. होडीचा नांगर टाकलेला आणि तिचे आणखी काही लोक अजून खाली, म्हणजे होडी लगेच हलवता येईना. तिघांच्याही सिलिंडरमध्ये हवा थोडीच उरली होती.

त्या दोन पाहुण्यांपैकी एकाकडे स्वतःची स्नॉर्कल होती. त्याने ती तोंडात धरली, तोंड पाण्यात ठेवलं आणि सावकाश पाय मारत होडीकडे निघाला. आपली मुलगी आणि दुसरा पाहुणा यांच्याकडे ती नव्हती. उरलेली हवा संपत आली तशी त्यांनी जॅकेट फुगवलं आणि पाठीवर पोहायला सुरुवात केली. पण लाट डोक्याकडून येत होती. दर दोन श्वासांनी तोंडावर पाणी. पाहुण्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तो घाबरला, हातपाय झाडू लागला. तिने त्याला धरून, बोलून बोलून होडीपर्यंत आणलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री ती आईच्या कुशीत रडली. आणि नळी नव्हती का? तर ज्यांच्याकडे ती कामाला होती, त्यांनी "उगाच अडचण" म्हणून सामानातून ती काढूनच टाकली होती.

आता नळीचं काम काय ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. ही नळी पाण्याखालच्या कामाची नाहीच. ती आहे पाण्याच्या वरच्या कामाची. सिलिंडर दोनशे बार दाबाने भरलेला असतो, आणि साधारण पन्नास बार शिल्लक ठेवून वर यायचं असं शिकवतात. दहा मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट हवा लागते. म्हणजे सिलिंडरमधली हवा ही मोजून वापरायची वस्तू. उडी मारल्यावर सोबत्यांची वाट बघताना, उतरायच्या जागेपर्यंत पोहत जाताना किंवा वर आल्यावर होडीकडे परतताना ती खर्च कशाला करायची? तिथे नळी तोंडात धरली की आकाशातली फुकटची हवा मिळते, आणि तोंड पाण्यात असल्यामुळे मान उचलावी लागत नाही. मान उचलून पोहलं की माणूस लवकर दमतो, हे खाडीत पोहलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट. एका ताईंनी विचारलं, मग लांब नळी घेतली तर टाकीच नको ना? लहानपणी आपण पपईच्या देठाची नळी करून विहिरीत बुडी मारायचो, आठवतं? वीतभर खाली जमायचं, जास्त खाली गेलं की श्वासच ओढता यायचा नाही. त्याचं कारण पाण्याचा भार. एक मीटर खाली गेलं तरी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम जास्तीचा भार पडतो. तेवढा भार उचलून वरची हवा ओढायची ताकद आपल्या छातीत नाही. शिवाय नळी लांब असेल तर आपणच सोडलेली शिळी हवा नळीत राहते आणि तीच परत आत येते. म्हणून स्नॉर्कल हातभरच असते. कुणी जोड लावून लांब करत असेल तर त्याला थांबवा. तो खेळ जिवावरचा आहे.

आता होडीवरची मुलं नळी नको का म्हणतात? त्यांचंही अर्धं खरं आहे. मास्कच्या पट्ट्याला अडकवलेली नळी पाण्याखाली डोक्याशेजारी लोंबत राहते. ओढ असली की ती हलते, मास्क ओढते, मास्कमध्ये पाणी शिरतं. आपल्या समुद्रात खडकांना तुटकी जाळी अडकलेली असतात. जाळ्यात काय काय गुंततं ते मी तुम्हाला काय सांगू? तुमचा जन्म जाळी सोडवण्यात गेला. त्यात नळी गुंतली की डोकंच अडकलं. घाबरलेला नवखा माणूस गडबडीत जॅकेटच्या नळीऐवजी स्नॉर्कलच धरतो, असंही होतं. त्यामुळे बुडालेल्या जहाजात, कपारीत, जाळ्यांच्या जागी डोक्याला नळी लावून जाऊ नये, हे बरोबर.

पण म्हणून नळी घरी ठेवायची का? अडचण ती कुठे लावली याची आहे. सोबत घेतली याची नाही.

मग घ्यायची कशी? चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मऊ, दुमडणारी नळी घ्या आणि जॅकेटच्या खिशात ठेवा. खिसा नसेल तर पट्ट्याने पोटरीला बांधा, पण सैल टोक बाहेर राहता कामा नये.

दोन, मास्कला लावायची वेळ आली तर डाव्या बाजूला लावा. सिलिंडरच्या हवेची नळी उजव्या खांद्यावरून येते, दोन्ही एका बाजूला आल्या तर गुंता होतो.

तीन, खिशातून काढून मास्कला लावायचा सराव शांत पाण्यात करा. नळीत शिरलेलं पाणी जोरात फुंकून बाहेर टाकायचा सरावही करा. लाटेत पहिल्यांदा शिकायला जाल तर जमणार नाही.

चार, नळी आहे म्हणून बाकीचं सोडू नका. वर आल्यावर आधी जॅकेट फुगवायचं. शिट्टी जवळ हवी, होडीवाल्याला लांबून दिसेल असा नारिंगी फुगा हवा, जाळी कापायला लहान कातर हवी, आणि सोबत्याला सोडायचं नाही. नळी यातल्या कशाचीही जागा घेत नाही.

आणि जो पाहुणा पहिल्यांदाच उतरतो, ज्याला प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो आणि होडीशेजारीच वर आणतो, त्याला स्नॉर्कल नको. त्याला एकच गोष्ट तोंडात धरायला शिकवावी, दोन नकोत. पण त्याला धरून नेणाऱ्याच्या खिशात ती असावी.

ज्या गटांनी पाहुण्यांना भाड्याने द्यायला मास्क आणि नळ्या घेतल्या आहेत, त्यांनाही दोन शब्द. नळी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, जंतुनाशकात बुडवा, पुन्हा धुवा, सावलीत सुकवा. तोंडात धरायचं रबर चावून फाटलं असेल तर ते बदला. आणि पाहुणा कितीही "मला पोहता येतं" म्हणाला, तरी लाइफ जॅकेटशिवाय आणि एकट्याने सोडू नका. भाडं बुडालं तरी चालेल.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या, पाठीवर टाकी न घेता, श्वास रोखून समुद्राच्या तळातून कालवं-शिंपले काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानाचं स्थान दिलं. प्रत्येकीजवळ एक तरंगता गोळा असतो, पूर्वी तो भोपळ्याचा असे. वर आल्यावर त्याला धरून त्या श्वास घेतात, मगच पुन्हा बुडी. खाली जायची हिंमत त्यांच्याकडे आहेच, पण वर आल्यावर काय, याचीही सोय त्या निघतानाच करून ठेवतात.

आमच्या बैठकीत काकींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बाजाराक जाताना मी पदराक परतीच्या एसटीचे पैसे बांधतंय, तसाच मगे ह्या." बरोबर तसंच. मासळी खपो न खपो, त्या गाठीला हात लावायचा नाही. कर्ज मंजूर झालं. काकींनी सहीच्या जागी अंगठा उमटवला आणि मुलीला बजावलं, नळी घेतलीस की आधी मला दाखव, मग समुद्राला.

मैत्रिणींनो, आपली मुलं, आपले घरवाले आणि आता आपल्या मुली या कामाला जातात. होडी कुणाची, मालक कोण, पाहुणे किती, हे आपण विचारतो. उद्या सकाळी ती निघताना एक प्रश्न जास्त विचारा. "खिशात नळी घेतलीस ना?" आणि कामावर ती मिळत नसेल, तर गटात सांगा. एवढ्या पैशांसाठी आपली वही अडणार नाही.

पुन्हा भेटू. नमस्कार.