ताटाचा हिशेब आणि तरुणांचे मत



वाटाघाटीच्या मेजाशी आयुष्य गेले. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो: ज्याच्या गैरहजेरीत करार होतो, त्याच्याच अंगावर तो शेकतो. देशाच्या अन्नधोरणालाही हाच न्याय लागतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. ग्रामीण भागातील ७५ व शहरांतील ५० टक्के लोकांपर्यंत हक्काचे धान्य नेण्याचे त्याने ठरविले. परंतु राज्याराज्यांचे आकडे बसविले ते २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर जन्मलेली मुले त्या हिशेबात नव्हती. कोटा भरला असेल, तर नवे नाव घालण्यासाठी जुने गळावे लागते! उद्याच्या भाकरीचा हिशेब असा कालच्या खातेवहीवर चालतो.

याच कायद्याच्या २९ व्या कलमाने राज्यापासून थेट रास्त भावाच्या दुकानापर्यंत दक्षता समित्या सांगितल्या. स्थानिक संस्था, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, निराधार वा अपंग यांना त्यांत प्रतिनिधित्व आहे, आणि ते योग्यच आहे. तरुणांचा मात्र उल्लेख नाही. आणि दुकानाच्या रांगेत कोण असते? आजीचा झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा तिच्याजवळ नातूच उभा असतो. पावती नात वाचते. जे रोज पाहतात, त्यांनाच विचारीत नाहीत.

"पोरांना काय कळते?" असे म्हणणारे भेटतात. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो. दिल्लीचे सरकार निवडण्याइतकी ज्याला समज आहे, त्याला गल्लीतल्या दुकानाचा काटा तपासता येणार नाही काय?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक दुकानाच्या समितीवर १८ ते २५ वयाचे दोन सभासद असावेत, त्यांत एक मुलगी असावी. सतरंज्या उचलण्यापुरते नव्हे, मताच्या अधिकारासह. समितीवर कोण असावे हे राज्य सरकारच नियमाने ठरविते. त्यासाठी दिल्लीला जावयास नको. गैरप्रकार लेखी कळविण्याचे काम कायद्यानेच समितीकडे दिले आहे. असे कागद गावोगावहून वर जाऊ लागले, म्हणजे धोरण ठरविणाऱ्यांना खालचा आवाज टाळता येणार नाही. ज्वारी-बाजरी द्यावी की तांदूळच, हेही मग ताटावर बसणारा सांगू शकेल.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या दुकानाची समिती कोणती, तिची बैठक केव्हा झाली, हे विचारा. आणि विचारावयास जाताना मुलाला, मुलीला बरोबर न्या. प्रश्न त्यांना विचारू द्या.