पोरें मागें ठेवा
(आमच्या शाळेंत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



दसरा पंधरा दिवसांवर आला. मुकादमाची उचल घरोघर पोंचली आहे आणि दिवाळीच्या आगेंमागें अर्धा गांव ऊंसतोडणीस निघेल. तुम्हीं जाऊं नये असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पाऊस दगा देतो आणि पोट थांबत नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, पोरें मागें ठेवा.

पहिल्यानें आमचा दोष आम्ही पदरीं घेतों. पोर गेलें कीं आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडीत होतों, आणि चैत्रांत तें परत आलें कीं मुकाट्यानें वर्गांत बसवीत होतों. गेल्या सालीं अशाच एका मुलीला आम्हीं भागाकार विचारला. दसऱ्यापूर्वीं ती सर्वांच्या आधीं उत्तर सांगे; आतां मान खालीं घालून बसली. पांच महिने तिनें फडाजवळच्या कोपींत धाकटा भाऊ सांभाळला, पाणी भरलें, आईबरोबर मोळ्या बांधल्या. तिच्याइतके कष्ट त्या वयांत आम्हीं केले नाहींत. आषाढांत ती शाळेंत यावयाची बंद झाली. पुढचें तुम्ही जाणतां. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तेव्हां शाळा सुटलेली मुलगी लवकर उजवतात आणि नवा कोयता तयार होतो. त्यावर पुन्हां उचल.

त्या उचलीचा हिशेब किती घरांत वाचला जातो? खाडे किती धरले, टनाला दर काय लावला, हें मुकादम तोंडानें सांगतो आणि आपण माना डोलवितों. अक्षरशून्य शेतकरी कागदावर कसा नागवला जातो, हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत मांडलें. त्याच्या आदल्या वर्षीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं मागितलें कीं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तें सक्तीचें व मोफत केलें, आणि पोर न पाठविणाऱ्यास दंड ठेवला. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळांत बसविलीं. आतां २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास हक्क दिला आहे. पण कोपीवरचें पोर नुसत्या कायद्यानें शाळेंत येत नाहीं. त्याला रात्रीं निजावयास छप्पर व दोन वेळां भाकर लागते.

भाऊराव पाटलांनीं हें ओळखलें. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं वसतिगृह काढलें. तेथें नाना जातींचीं गरीब मुलें एकत्र राहूं, जेवूं व राबूं लागलीं. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती.

ज्यांचीं मुलें सकाळीं गाडींत बसून तालुक्याच्या शाळेस जातात, त्यांनाही सांगणें आहे (ते पुढच्या रांगेंत बसले आहेत; त्यांनीं रागावूं नये). गांवची शाळा तोडकऱ्यांपुरतीच उरली, तर तिचें छप्पर गळतें हें चावडीवर कोण विचारील? आणि तीं पोरेंही दिवाळीला गेलीं, कीं पट इतका उतरतो कीं शाळा कशाला हवी असें वरून विचारतात.

हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आमचा अर्ज गेला आहे. पण मंजुरीची वाट पाहिली तर तुमच्या गाड्या निघून जातील. म्हणून ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें आहेत त्यांनीं नातवंडें ठेवून घ्यावीं. ज्यांना कोणी नाहीं असे मुलगे शाळेच्या मोठ्या खोलींत निजतील. आम्हीही तेथेंच निजूं. मुलींची सोय मात्र घरांतच हवी, त्यासाठीं दोन वडीलधाऱ्या बायांनीं पुढें यावें. ज्वारी कोणत्या आळीची आली हें आम्ही विचारणार नाहीं, आणि पंगत एकच बसेल.

वही येथें टेबलावर आहे. सभा उठण्यापूर्वीं पोरांचीं नांवें सांगा, आम्ही लिहून घेतों.